पऱ्हाटीच्या जाळावरचं भरीत: सावदा, बामणोद आणि थोडं बऱ्हाणपूर

आजीचं सावद्याचं घर विकलं तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर खानदेश माझ्यासाठी उरला तो डिसेंबरातल्या एका रविवारपुरता. पुण्याच्या मंडईत मोठं वांगं दिसलं की घ्यायचं, गॅसवर भाजायचं, कांदा-टोमॅटो परतून त्यात घालायचं आणि "आजीसारखं नाही झालं" म्हणत संपवायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या हाताला चव नाही. यंदा ठरवलं, आधी वांगंच बघून येऊ.

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस बरी. रात्री बसलं की सकाळी जळगाव किंवा भुसावळला उतरता येतं. सावदा स्टेशन भुसावळ-खांडवा मार्गावर आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात आणि गाव स्टेशनापासून दूर आहे. त्यापेक्षा भुसावळहून एसटी पकडा, फैजपूर-सावदा-रावेर बाजूला गाड्या भरपूर आहेत. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच सुरू होतात आणि खिडकीतून येणारी हवाही गारठते. स्वेटर लागतोच. "खानदेश म्हणजे ऊन" असं ऐकून आलेले रात्री कुडकुडतात. ते ऊन मे महिन्यातलं, पारा 45 च्या वर नेणारं. त्या दिवसांत भरितासाठी येऊ नका, वांगी नसतात.

म्हणजे बाजारात वांगी असतात, पण ही नाहीत. भरिताचं वांगं फिकट हिरवं, लांबट, एकच वांगं दोघांना पुरेल एवढं मोठं, बी कमी आणि साल पातळ. यावल तालुक्यातलं बामणोद यासाठी नावाजलेलं, आणि जळगावजवळच्या आसोद्याचंही नाव लोक तितक्याच अभिमानाने घेतात. दोन्ही गावांतल्या माणसांसमोर दुसऱ्या गावाची स्तुती करू नये, एवढं मी शिकले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, केळीलाही आहे. चातुर्मासात ज्यांच्याकडे वांगं वर्ज्य असतं ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा खायला लागतात. तिथून संक्रांतीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. भूक लागली म्हणून हायवेवरच्या एका ढाब्यावर "स्पेशल खानदेशी भरीत" मागवलं. लाल रंग, वर बटर, आणि गोडसर. खानदेशात बसून मला माझंच पुण्याचं भरीत मिळालं, तेही महाग. त्यामुळे पहिला सल्ला: मेनूकार्डवर बाराही महिने भरीत असेल तिथे शेवभाजी मागवा. ती कुठेही बरी मिळते. फक्त "शेव वेगळी आणा" असं सांगा. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शेव आपल्या हाताने घालायची आणि लगेच खायची, नाहीतर पाच मिनिटांत तिचा लगदा होतो. हिवाळ्यात जळगाव-भुसावळात फक्त भरीत-पुरी विकणारी दुकानं असतात, किलोवर तोलून देतात. घाईत असाल तर तिथे जा. चव अस्सल असते.

पण मला जाळ बघायचा होता. आजीच्या शेजारच्या मावशी अजून सावद्यात आहेत. आईने त्यांना आधी फोन करून ठेवला होता. त्यांच्या भाच्याचं बामणोदला शेत, म्हणून आम्ही सगळे तिकडे निघालो. मावशी म्हणाल्या, "इतक्या लांबून वांगं खायाले आली वो माय?" आणि मग दिवसभर भेटेल त्याला हेच सांगत राहिल्या.

बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या होत्या. वांग्यांना सुरीने टोचे मारून ती आडवी मांडली आणि पेटवलं. पऱ्हाटीचा जाळ भडकून उठतो, फार वेळ टिकत नाही, म्हणून एकजण सतत काड्या सारत असतो आणि दुसरा वांगी उलटत असतो. साल काळी होऊन सुटते, आतला गर वाफेवर शिजतो आणि धुराचा वास थेट आत उतरतो. गॅसवर साल जळते, पण हा वास कुठून येणार? मला त्या धुरात एकदम आजीच्या परसातलं दार आठवलं, त्याची खालची फळी उंदरांनी कुरतडलेली होती. भरिताशी त्याचा काही संबंध नाही. पण पंचवीस वर्षांत ते दार एकदाही डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

सोललेला गर बडगीत गेला. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं. त्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण आधीच ठेचलेला होता. लाकडी मुसळीने गर ठेचायचा, मिक्सरसारखा गुळगुळीत करायचा नाही, दोरे राहिले पाहिजेत. मग सढळ हाताने तेल, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. मी विचारलं, "टोमॅटो कधी घालता?" मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुलीत चप्पल घातली होती. "त्याचं काय काम?"

बरोबर कळण्याच्या पुऱ्या. लहानपणी मला त्या करपलेल्या वाटायच्या आणि मी कडेने खायचे. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. रंग उडदाच्या सालीचा. यंदा मी सात खाल्ल्या. तेल भरपूर असतं, तेव्हा दुपारनंतर कुठे चढाई-भटकंती ठरवू नका. आम्ही केळीच्या सावलीत सतरंजीवर आडवे झालो ते चार वाजता उठलो.

ओळखीचं कोणी नसेल तर? जळगावात उतरलात की हॉटेलवाल्याला किंवा रिक्षावाल्याला "शेतावर भरीत पार्टी करून देणारं कोण आहे" असं सरळ विचारा. हिवाळ्यात तो इथला ठरलेला कार्यक्रम असतो. मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि चार-सहा माणसं असली तरच परवडतं.

आजीचं घर बघायला गेले. तिथे आता तीन मजली इमारत आहे. बघितली आणि परत फिरले.

सावदा-रावेरच्या रस्त्यावर केळीचे वेफर्स करणारे दिसतात. कच्चं केळं किसणीवर धरून चकत्या थेट उकळत्या तेलात पाडतात. कढईतून निघालेले, अजून गरम असलेले घ्या. पाकिटातले कुठेही मिळतात.

रावेरहून पुढे गाडीने तासाभरात बऱ्हाणपूर. राज्य बदलतं पण तापी तीच, आणि हा एकेकाळचा खानदेशच. 1631 साली मुमताज महल इथेच वारली. ताजमहाल उभा राहण्याआधी तिला इथे तापीपलीकडे दफन केलं होतं. मी गेले ते मावा जिलबीसाठी. खव्याची, काळपट तपकिरी, जाड, गुलाबजामाची बहीण म्हणावी अशी. एक पुरते. मी दोन खाल्ल्या, ती चूक होती.

अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटरवर आहे, जोडून करता येतो. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून ठरवा. मी यंदा गेले नाही.

परतताना तीन किलो वांगी आणि जळगावातून कळण्याचं पीठ घेतलं. वांगं हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं असेल ते घ्या, त्यात बी कमी. देठ हिरवा हवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कापडी पिशवीत दोन दिवस चांगली राहतात. पऱ्हाट्यांची मोळीही आणावी असं मनात आलं होतं, पण रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेता येत नाही आणि सोसायटीच्या गच्चीवर जाळ करू कोण देणार? शेवटी कोळशाच्या शेगडीवर भाजली. धुराचा वास निम्मा आला. टोमॅटो घातला नाही.

आईने पहिला घास घेतला, थोडा वेळ काही बोलली नाही. मग बोटाने शेंगदाणे ताटाच्या कडेला सारायला लागली.

"हे कशाला घातलेस? आजी कधी घालायची नाही."

मला तर आजीच्या भरितातले शेंगदाणे वेचून खाल्लेले स्पष्ट आठवत होते.

"ते मावशींच्या घरचं," आई म्हणाली. "तू जेवायला कायम त्यांच्याकडेच असायचीस. आजीला दात कुठे होते शेंगदाणे चावायला?"