बाद झालेल्या अर्जाची साक्ष

नाशिकमधील एका स्पर्धा परीक्षा वर्गात मी राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरसाठी, म्हणजे सीसॅटसाठी, तर्कक्षमता शिकवते. दोन तासांत 80 प्रश्न आणि 200 गुण अशा या पेपरात 33 टक्के मिळाले की पात्रता मिळते; तरीही ज्यांनी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही, त्यांना तर्काचे प्रश्न धडकी भरवतात. विधानाचा नकार ओळखणे हा त्यांतला मला सर्वांत फसवा वाटणारा प्रकार आहे, कारण उत्तर फार चटकन सुचते आणि ते बहुधा चुकीचे असते. हा प्रकार शिकवताना एका दुपारी वर्गात जी चर्चा झाली, तिने माझी शिकवण्याची पद्धत बदलली.

सुरुवात नेहमीप्रमाणे झाली. 'सर्व अर्जदार पदवीधर आहेत' हे विधान असत्य असेल, तर निश्चितपणे सत्य काय, असे मी विचारले. बहुतेकांनी 'एकही अर्जदार पदवीधर नाही' हा पर्याय निवडला. शंभर अर्जदारांपैकी चाळीसच पदवीधर असलेली यादी मी त्यांना डोळ्यांसमोर आणायला सांगितली. त्या यादीपुढे मूळ विधान खोटे पडते आणि निवडलेला पर्यायही खोटा पडतो. विधान आणि त्याचा नकार यांपैकी मात्र नेहमी एक आणि एकच खरे असावे लागते. म्हणून नकार एवढाच की, किमान एक अर्जदार पदवीधर नाही. ॲरिस्टॉटलने दाखवलेला हा भेद वर्गाला लगेच पटला. 'आणि' असलेल्या विधानाच्या नकारात 'किंवा' येतो, हा गणितज्ञ डी मॉर्गन यांचा नियमही फारसा अडला नाही. (ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म 1806 मध्ये मदुराईत झाला, हे मी दरवर्षी आवर्जून सांगते, फळ्यावरचा नियम त्यामुळे मुलांना थोडा जवळचा वाटतो.)

अडचण आली ती 'जर-तर' विधानाशी. विधान असे होते: 'खुल्या प्रवर्गातील अर्जदाराचे वय 38 वर्षांपेक्षा जास्त असेल, तर त्याचा अर्ज बाद होईल.' जवळजवळ सगळ्यांनी नकार लिहिला: 'वय 38 पेक्षा जास्त नसेल, तर अर्ज बाद होणार नाही.' मी काही बोलण्यापूर्वीच दिंडोरीकडून येणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली. "मॅडम, माझं वय चोवीस होतं, तरी एका भरतीत माझा अर्ज बाद झाला. स्वाक्षरीच्या जागी फोटो अपलोड झाला होता. मग हा नियम खोटा ठरला का?"

वर्गात दोन तट पडले. नियम खोटा ठरला असे म्हणणारे बरेच होते आणि त्यांचा आवाजही मोठा होता. मी निवाडा न देता एवढेच विचारले की, नियमात जे सांगितले आहे त्यातले नेमके काय मोडले? थोडा वेळ विचार करून तिनेच उत्तर दिले, "माझ्या वयाच्या माणसाबद्दल नियम काही बोलतच नाही. नियम खोटा ठरवायचा, तर चाळिशीतला माणूस शोधायला हवा, आणि त्याचा अर्ज स्वीकारलेला हवा. माझा अर्ज इथे कामाचा नाही."

सत्यता सारणीच्या, म्हणजे 'जर'चा आणि 'तर'चा भाग खरा-खोटा असण्याच्या सर्व शक्यतांच्या तक्त्याच्या, चार ओळी मी तिच्या या उत्तरानंतर मांडल्या. जर-तर विधान तीन ओळींत सत्य आणि एकाच ओळीत असत्य असते, आणि ती एक ओळ म्हणजेच त्याचा नकार: 'वय 38 पेक्षा जास्त आहे आणि अर्ज बाद झालेला नाही.' या नकारात 'जर' उरत नाही, ही गोष्ट मुलांना सर्वांत विलक्षण वाटली. वर्गाने लिहिलेल्या उत्तराची परीक्षा मग त्यांनीच घेतली. तीस वर्षांच्या एखाद्या अर्जदाराचा अर्ज स्वीकारला गेला असेल, तर मूळ नियमही अबाधित राहतो आणि त्यांचे उत्तरही खरे ठरते. दोन्ही एकाच वेळी खरी, म्हणजे एक दुसऱ्याचा नकार असूच शकत नाही.

तेव्हापासून नकाराच्या प्रश्नांत मी पर्याय आधी वाचू देत नाही. विधान खोटे पाडणारा माणूस कसा असेल, त्याचे वर्णन एका ओळीत लिहायचे आणि मगच पर्यायांकडे वळायचे, असा सराव घेते. शब्दांना 'नाही' जोडत बसण्यापेक्षा सुरुवातीला यात वेळ जास्त जातो, पण उत्तर का बरोबर आहे हे विद्यार्थ्याला स्वतःला सांगता येते, आणि मला तेच हवे असते.

त्या दिवशी तास संपता संपता मी त्याच विधानात एक बदल केला: 'वय 38 पेक्षा जास्त असेल तर आणि तरच अर्ज बाद होईल.' आता हे खोटे पाडण्याच्या दोन वाटा होत्या. चाळिशीतला, पण अर्ज स्वीकारला गेलेला माणूस ही पहिली वाट कुणीतरी लगेच सांगितली. दुसरी तिने सांगितली: "चोवीस वर्षांची, अर्ज बाद झालेली. मॅडम, आता माझा अर्ज चालेल."