निकाल आले एकदाचे! जेमीटर, तीन वर्कर आणि परतीचा पत्ता

आले. जेमीटर म्हणजे सर्व्हरवर एकदम अनेक जणांचा खोटा ताण (लोड) टाकून पाहायचं साधन; त्यात कंट्रोलर हुकूम सोडतो आणि वर्कर मशिनी ताण टाकून निकाल परत पाठवतात. तिन्ही वर्करचे निकाल कंट्रोलरवर आले, ‘समरी’ची (निकालांच्या गोषवाऱ्याची) ओळ शून्यावरून हलली आणि टेस्ट संपल्यावर कंट्रोलर आपणहून बंदही झाला. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना कळेल की यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोठं आहे. तोवर दर वेळी तो तसाच लटकून राहायचा आणि शेवटी मलाच गळा दाबावा लागायचा.

मांडणी तीच आहे. विंडोजचा लॅपटॉप कंट्रोलर, दोन जुने लॅपटॉप डेबियन लिनक्सवर आणि एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर), हे तीन वर्कर. सगळीकडे जेमीटर ५.६.३. निशाण्यावर आमच्या ले-आउटच्या (वसाहतीच्या) वाचनालयाची पुस्तकयादी, जी माझ्याच घरच्या एका डेस्कटॉपवर चालते. सभासद जेमतेम साठ-सत्तर. एवढ्यांसाठी तीन मशिनींचा लोड कशाला, असं घरचे विचारतात. उत्तर नाही माझ्याकडे. छंद आहे.

प्लगइनचं दुखणं आधी निपटलं, म्हणून ते थोडक्यात. टेस्टच्या प्लॅनमध्ये अल्टिमेट थ्रेड ग्रुप हा प्लगइन (वरून जोडायचा भाग) आहे; थ्रेड म्हणजे एक खोटा वापरकर्ता. कंट्रोलरवर प्लगइन मॅनेजरने तो दोन क्लिकमध्ये बसवला, पण वर्करवर क्लास सापडत नाही म्हणून बोंब. कंट्रोलर जेएमएक्स, म्हणजे प्लॅनची फाइल वर्करला पाठवतो, प्लगइनच्या जार (जावा कोडच्या फाइली) पाठवत नाही. सीएसव्ही डेटासुद्धा पाठवत नाही, तोही प्रत्येक मशिनीवर स्वतः ठेवावा लागतो. वर्करना स्क्रीन नाही, त्यामुळे मॅनेजरची कमांडलाइन आवृत्ती वापरली. मॅनेजरची जार लिबच्या आतल्या एक्स्ट फोल्डरमध्ये जाते आणि सीएमडीरनरची (कमांडलाइन आवृत्ती चालवणाऱ्याची) जार मात्र लिबमध्येच, एक्स्टमध्ये नाही. या एका गोष्टीवर किती लोकांच्या रात्री गेल्या असतील! त्यातली ‘इन्स्टॉल फॉर जेएमएक्स’ ही कमांड फारच गोड आहे. तिला प्लॅनची फाइल दाखवा, आत काय काय लागतं ते वाचून ती नेमकं तेवढंच उतरवून घेते. आता मी त्याहून आळशी उपाय करतो: कंट्रोलरचं अख्खं लिब फोल्डर आरसिंकने (फाइलींच्या नकला पाठवणाऱ्या साधनाने) तिकडे ढकलतो. फक्त एक्स्ट नव्हे, अख्खं लिब, कारण प्लगइन ज्यांच्यावर उभे असतात त्यातल्या काही जार बाहेरच्या लिबमध्ये राहतात.

की-स्टोअरचंही सांगून टाकतो. जेमीटर ४.० पासून आरएमआय (कंट्रोलर आणि वर्कर ज्यावरून बोलतात ती जावाची सोय) मुळातच एसएसएलवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर चालतं आणि त्यासाठी बिनमधली स्क्रिप्ट चालवून की-स्टोअर (चावीची फाइल) बनवावा लागतो. ती चावी सात दिवसांचीच असते. म्हणजे मागच्या रविवारी गुण्यागोविंदाने चाललेलं या सोमवारी नाक मुरडतं. स्क्रिप्ट उघडून वैधता ३६५ केली, नवी फाइल सगळ्या मशिनींवर टाकली. एसएसएलच बंद करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो. घरच्या जाळ्यात चालेलही, पण एक आकडा बदलून काम होत असेल तर कुलूप कशाला काढायचं?

आता मुख्य भानगड.

पायने सुरुवातीलाच सरळ सांगितलं होतं की मी लूपबॅक पत्त्यावर (जो मशिनीला स्वतःकडेच नेतो) उभा राहणार नाही. डेबियन घराण्यात होस्ट्स फाइलमध्ये मशिनीच्या नावासमोर १२७.०.१.१ लिहिलेलं असतं, तेच तो उचलत होता. सिस्टिम डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये ‘जावा डॉट आरएमआय डॉट सर्व्हर डॉट होस्टनेम’ला खरा आयपी दिला, लॅपटॉपवरही तसंच केलं, तिघेही वर्कर उठले. वर्कर उठताना जी लांबलचक ओळ छापतो तिच्यात ‘एंडपॉइंट’च्या पुढे तो जगाला कोणता पत्ता सांगणार आहे ते स्पष्ट दिसतं. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या, भावांनो. निम्मं निदान तिथेच होतं.

तर वर्कर उभे. विंडोजवरून पॉवरशेलने वर्करचा १०९९ पोर्ट (आरएमआयचा दरवाजा) तपासला, उघडा. टेस्ट सोडली. कंट्रोलर म्हणाला रिमोट इंजिनं सुरू झाली. आणि मग काहीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, समरी शून्य. गंमत म्हणजे दोनेक मिनिटांनी वाचनालयाच्या सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये धडाधड विनंत्या येताना दिसायच्या. म्हणजे वर्कर इमानदारीने काम करून राहिले होते, फक्त सांगत कोणालाच नव्हते.

भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत इथेच असतो. तो म्हणाला, “मामा, फायरवॉल बंद करून पाहा ना.” पाहिली बंद करून. ढिम्म. “मग हे जेमीटर सोडा न् के-सिक्स घ्या, आमच्याकडे सगळे तेच वापरून राहिले.” के-सिक्स चांगलंच आहे, जावास्क्रिप्टमध्ये टेस्ट लिहिता येते, पण एखादं अवजार कुठे अडलं ते कळायच्या आत बदलायचं हे मला पटत नाही.

मग वर्करचा लॉग नीट वाचला. तिथे लिहिलेलं: कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट १९२.१६८.५६.१. माझ्या घरच्या जाळ्यात ५६ वाला पत्ताच नाही, सगळं १९२.१६८.१ मध्ये आहे. हा पाहुणा कुठून आला?

आधी त्या ‘रिफ्यूज्ड’बद्दल. जावाच्या आरएमआयची वरची ओळ कनेक्शन जुळलं नाही की बहुधा ‘रिफ्यूज्ड’च म्हणते. खरं कारण खाली, ‘नेस्टेड एक्सेप्शन’च्या पुढे असतं, आणि माझ्याकडे तिथे होतं ‘टाइम्ड आउट’. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नकार आला तर समोर मशीन आहे, त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. वेळ संपली तर पॅकेट बहुतेक पोचलंच नाही, नाहीतर वाटेत कोणी गुपचूप गिळलं. वरच्या ओळीवर विसंबून शोधाशोध करणारा माणूस पोर्ट तपासत बसतो आणि दोष पत्त्यात असतो. सुरुवातीच्या त्या दोन मिनिटांच्या शांततेचाही उलगडा इथेच झाला. लिनक्स जोडणीसाठी पुन्हा पुन्हा हाका मारत साधारण तेवढाच वेळ वाट पाहतं, मग हात टेकतं, आणि त्यानंतर वर्कर लोड सुरू करतो.

वर्करवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला. पॅकेट ५६.१ कडे जायला निघालेलं, आणि घरात तसा पत्ता नसल्यामुळे राउटरकडे सोपवलेलं. राउटर ते बाहेर ढकलणार, आणि तिकडे त्याला कोण विचारतो?

१९२.१६८.५६.१ हा व्हर्च्युअलबॉक्सच्या (मशिनीत आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) होस्ट-ओन्ली, म्हणजे आभासी अडॅप्टरचा ठरलेला पत्ता. कंट्रोलरवर व्हर्च्युअलबॉक्स आहे, दुसऱ्याच कामासाठी. आरएमआयमध्ये एकच बाजू सर्व्हर असते असं आपण धरून चालतो, पण निकाल परत पाठवताना वर्कर हा कंट्रोलरला जोडणी करतो. टेस्ट देताना कंट्रोलर सोबत आपला पत्ता देतो, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-गाव लिहावं तसा. विंडोजवरच्या जावाला विचारलं ‘तुझा पत्ता काय’, तर तिने दोन अडॅप्टरांतला नेमका आभासी उचलला. म्हणून जाणारा रस्ता मोकळा, येणारा भलत्याच गावी. फायरवॉल बंद करून फरक पडला नाही तो याचमुळे. तिथवर काही पोचतच नव्हतं.

उपाय एका ओळीचा: जी होस्टनेमची प्रॉपर्टी वर्करवर दिली तीच कंट्रोलरवरही द्यायची. बहुतेक मार्गदर्शनात ती वर्करच्या संदर्भातच सांगितलेली असते, आणि म्हणूनच ही नोंद एवढी लांबली आहे.

ओळ टाकली, टेस्ट सोडली, परत शून्य. पण लॉगमध्ये आता माझ्या घरचा पत्ता होता! ५६ गेला, १ आला. चूक तीच, पत्ता बरोबर. यात काय आनंद आहे ते घरी कोणाला समजावता येत नाही.

या वेळी खरोखरच फायरवॉल होती. जावाला आत येऊ देणारा नियम होता, पण तो जुन्या जावाच्या फाइलीला बांधलेला. जेडीके (जावाचा संच) नवा आला, मार्ग बदलला, नियम जुन्या मार्गावर पहारा देत राहिला. आता नियम प्रोग्रामला न बांधता पोर्टला बांधला. युझर प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लायंट डॉट आरएमआय डॉट लोकलपोर्ट’ ४००० दिला. तिथपासून जेमीटर जास्तीत जास्त तीन पोर्ट उघडतं, म्हणून ४००० ते ४००२ मोकळे केले, तेही फक्त प्रायव्हेट जाळ्यासाठी. हे दिलं नाही तर पोर्ट दर वेळी नवा, मग नियम लिहिणार कशावर? वर्करच्या बाजूनेही ‘सर्व्हर डॉट आरएमआय डॉट लोकलपोर्ट’ असाच बांधून टाकला.

आणि मग ती ओळ हलली. थोडी थांबून, कारण वर्कर निकाल सुटे पाठवत नाहीत, १०० नमुने (एकेका विनंतीचे निकाल) साचले किंवा ६० सेकंद झाले की गठ्ठा पाठवतात. त्यामुळे कमी लोडची टेस्ट करताना पहिलं मिनिट धीर धरा.

नव्यांसाठी एक गोष्ट: प्लॅनमधले थ्रेड वर्करमध्ये वाटले जात नाहीत. प्रत्येक वर्कर अख्खा प्लॅन चालवतो. प्लॅनमध्ये १०० आणि वर्कर तीन, तर सर्व्हरवर ३०० जण येणार.

आता नागपुरी अडचण. बाहेर नवतपा (उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस) तापून राहिला आहे आणि पाय ४ हा ८० अंशांच्या पुढे गेला की आपला वेग स्वतःच कमी करतो. लोड पाठवणाराच मंदावला तर प्रतिसादाचा वेळ वाढलेला दिसतो आणि आपण बिचाऱ्या सर्व्हरला दोष देतो. पायचे आकडे लॅपटॉपच्या आकड्यांपासून दुपारी फुटत होते आणि रात्री जुळत होते, त्यावरून संशय आला. ‘व्हीसीजेनसीएमडी’ची थ्रॉटल (वेग कमी झाला का ते) तपासणारी कमांड आता टेस्टच्या आधी आणि नंतर चालवतो, बिट लागलेला दिसला की पायचे आकडे त्या फेरीतून बाद. कूलरसमोर ठेवून पाहिला, तापमान उतरलं, पण त्या ओल्या हवेत बोर्ड ठेवायला जीव धजत नाही. सीताबर्डीवरच्या एका दुकानातून पंख्यासकट ॲल्युमिनियमची पेटी आणली, तिने बरंच भागलं. त्याच दुकानदाराने स्वस्तातलं मेमरी कार्डही गळ्यात मारायचा प्रयत्न केला, ते नको म्हटलं. स्वस्त कार्डावर लॉग लिहिता लिहिता पाय दम टाकतो.

दुसरं म्हणजे लाइट. संध्याकाळी वावटळ आली की लाइट जाते, राउटर परत उठतो आणि पत्ते नव्याने वाटतो. होस्टनेमची प्रॉपर्टी जुन्या आयपीवर अडून बसलेली असते, की परत तोच कनेक्शनचा तमाशा. राउटरमध्ये चारही मशिनींचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) टाकून आयपी राखून ठेवले. हे आधी करा, बाकीचं मग.

इथवर लिहिलं आणि मनात वेगळंच आलं. या सगळ्या पत्ते, पोर्ट, की-स्टोअरच्या भानगडी निकाल चालू टेस्टमध्ये परत आणण्यासाठी आहेत. मला ते तेव्हाच्या तेव्हा हवेत कुठे? प्रत्येक वर्करवर जेमीटर स्वतंत्र, नॉन-जीयूआयमध्ये (खिडकीविना) चालवायचं, एसएसएचने (दुरून कमांड देऊन) तिघांना एकदम सुरू करायचं आणि संपल्यावर तिन्ही जेटीएल, म्हणजे निकालांच्या फाइली आणून जोडायच्या, शीर्षकाची ओळ एकदाच ठेवून. जोडलेल्या फाइलीवरून एचटीएमएल रिपोर्ट बनतोच. आरएमआय नाही, परतीची जोडणी नाही, कंट्रोलरची गरजच नाही. अट एकच, तिन्ही घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर आलेखात लोड पसरट दिसेल. क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) लावला की ते होईल. पायला तर ते हवंच, त्याला बॅटरीवरचं घड्याळ नाही, लाइट गेली की वेळही गेली.

म्हणून पुढच्या नोंदीत इन्फ्लक्स-ग्राफानाचा (चालू निकालांचे आलेख दाखवणारा) डॅशबोर्ड दाखवणार होतो, ते मागे. आधी ही तुलना. शनिवारी रात्री, घरातले सगळे मोबाइल वायफायवरून उतरले की तोच प्लॅन आधी आरएमआयने आणि मग एसएसएचने चालवतो. नव्वदाव्या शतांशाचे (शंभरातले नव्वद प्रतिसाद ज्या वेळेत येतात त्याचे) आकडे जवळपास आले तर विंडोजचा कंट्रोलर निवृत्त. भाच्याने तोच प्लॅन के-सिक्समध्ये लिहून द्यायचं कबूल केलं आहे, तोही रांगेत लावतो. कोणी पाय ५ वर वर्कर चालवत असेल तर उन्हाळ्यात त्याचं तापमान कितीवर राहतं ते सांगा, घ्यायचा की नाही ते त्यावर ठरवीन.