तुम्ही विचारलंत म्हणून: केबलवर चालणारं व्हीपीएन वाय-फायवर का अडतं?

"लॅपटॉपला केबल लावली की व्हीपीएन मुकाट्याने चालतं. वाय-फायवर गेलं की जोडलं गेल्याचं दाखवतं, पण एक पान उघडेल तर शपथ. लिनक्सवर नेमकं काय तपासायचं?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. (व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या जाळ्यापर्यंत काढलेली कुलूपबंद वाट.) विचारणाऱ्याने तोवर व्हीपीएनची फाइल चार वेळा बदललेली असते, ओळख पटवणाऱ्या किल्ल्या नव्याने बनवलेल्या असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

उत्तराआधी माझा एक उलट प्रश्न असतो: ही केबल आणि हे वाय-फाय एकाच राउटरचं आहे का? एकाच राउटरचं असेल, तर पलीकडचं इंटरनेट तेच, फायरवॉल तीच. बदलला तो फक्त लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला रेडिओ. केबल ऑफिसात आणि वाय-फाय मोबाइलच्या हॉटस्पॉटचं असेल, तर रेडिओ बहुधा निर्दोष असतो. बदललंय ते अख्खं नेटवर्क. (खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या.)

आधी एकच राउटर धरू. 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक' ही आज्ञा सिग्नल दाखवते. तुमच्याकडे कार्डाचं नाव वेगळं असू शकतं, ते 'आयपी लिंक'मध्ये दिसेल. उणे ५० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ७० पर्यंत निभावतं, उणे ८० ला व्हीपीएनला दोष देण्यात अर्थ नाही. मग राउटरच्याच पत्त्यावर १०० पिंग, म्हणजे उत्तर मागणारी चाचणीची पॅकेटं, पाठवा. वाय-फाय हरवलेली फ्रेम (हवेतून जाणारं पॅकेट) स्वतःच पुन्हा पाठवतं, त्यामुळे खराब रेडिओवर पॅकेटं गळण्याआधी उशिराने पोचू लागतात. म्हणून गळतीची टक्केवारी न बघता वेळेचे आकडे बघा. दोन-चार मिलिसेकंदांच्या मध्येच ८०, १००, २०० असे आकडे उगवत असतील, तर कार्ड वीज वाचवायला डुलक्या घेतंय. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे आपल्या हजेरीची हाळी, पाठवतो आणि झोपलेलं कार्ड आपल्यासाठी काही आलंय का हे त्या बीकनवरून ओळखतं. उशीर त्याच मापात येतो तो यामुळे.

'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ' देऊन पुन्हा पिंग करा. फरक पडला, तर हे कायमचं करायला नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फ.डी फोल्डरात एक छोटी फाइल टाका. तिच्या कनेक्शन विभागात वायफाय.पॉवरसेव्ह ची किंमत २ ठेवायची. इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. १ लिहून "बंद केलं तरी फरक नाही" म्हणणारे बरेच असतात. १ म्हणजे आहे त्या स्थितीला हातच लावू नकोस.

याच गटातली दुसरी भानगड केबल काढून वाय-फायवर जाण्याची. सगळी वाहतूक आत घेणारं ओपनव्हीपीएन (व्हीपीएनचा एक प्रोग्राम) सर्व्हरच्या पत्त्यासाठी जुन्या गेटवेतून, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरमधून, एक वेगळा राउट (पॅकेटांची वाट) टाकतं आणि बाकी सगळं टनेलकडे, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेकडे, वळवतं. केबल निघाली की तिच्यावरचा तो राउट उडतो. मग व्हीपीएनची स्वतःची पॅकेटं व्हीपीएनमध्येच शिरू लागतात. 'आयपी राउट गेट' आणि पुढे सर्व्हरचा पत्ता द्या. उत्तरात वाय-फाय कार्डाचं नाव हवं. टन०, म्हणजे टनेलचंच नाव, दिसलं, तर चोर सापडला. व्हीपीएन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. परसिस्ट-टन हा पर्याय असेल, तर आपोआप होणाऱ्या पुनर्जोडणीत टनेल उघडाच राहतो आणि राउट नव्याने मांडले जात नाहीत. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनची डब्ल्यूजी-क्विक पद्धत आपल्या पॅकेटांवर खूण करून त्यांना वेगळ्या टेबलातून काढते, त्यामुळे ती या फेऱ्यात अडकत नाही.

आता नेटवर्कच वेगळं असेल तर. सार्वजनिक वाय-फायवर लॉगिनचं पान भरल्याशिवाय बाहेर जाता येत नाही आणि व्हीपीएनची किल-स्विच (टनेल नसताना सगळी वाहतूक अडवणारी सोय) ते पानच उघडू देत नाही. ती बंद करा, पान भरा, मग व्हीपीएन. पुढे हातमिळवणी, म्हणजे सर्व्हरशी पहिली ओळख, होते का ते बघा. वायरगार्डमध्ये 'डब्ल्यूजी शो'मधला पाठवलेल्या बाइटांचा आकडा वाढतोय आणि आलेला शून्यावर आहे, असं असेल तर जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं 'टीसीपीडंप' लावा: दर पाचेक सेकंदांनी १४८ बाइटांचं पॅकेट जाताना दिसेल आणि ९२ बाइटांचं उत्तर येणार नाही. किल्ल्या केबलवर चालत होत्या, म्हणजे त्या बरोबर आहेत. वायरगार्ड ज्या पद्धतीने पॅकेटं पाठवतं ते यूडीपी या नेटवर्कात अडवलंय. अशा वेळी ओपनव्हीपीएन टीसीपी या पोच घेणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या ४४३ पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटांच्या दारातून) चालवता येतं, वायरगार्डला स्वतःहून टीसीपी येत नाही. पण टीसीपीच्या पोटात टीसीपी घातलं की पॅकेट हरवल्यावर दोघेही ते पुन्हा पाठवू लागतात आणि खराब वाय-फायवर वेग रांगू लागतो. गत्यंतर नसेल तेव्हाच हे करावं.

हातमिळवणी होते, पिंग जातो, दूरच्या यंत्रावर एसएसएच लॉगिन होतं, पण लांबलचक यादी मागितली की पडदा गोठतो. हे एमटीयूचं, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटच्या मापाचं, दुखणं, आणि "जोडलं पण उघडत नाही" यामागे वेगळ्या नेटवर्कात मला सर्वात आधी संशय याचाच येतो. लहान पॅकेटं जातात, मोठी मधेच मरतात. एरवी "पॅकेट मोठं आहे" असा निरोप मधला राउटर परत पाठवतो. कोणीतरी आयसीएमपी, म्हणजे असे निरोप नेणारी पद्धत, सरसकट बंद केलेलं असतं, म्हणून तो निरोप पोचत नाही.

मोजणी अशी. टनेल बंद ठेवून सर्व्हरला, किंवा तो पिंगला उत्तर देत नसेल तर बाहेरच्या दुसऱ्या पत्त्याला, पिंग करा: मोठ्या लिपीतला एम, पुढे डू, म्हणजे तुकडे करू नकोस, मग छोटा एस आणि १४७२. त्यात २८ बाइटांची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. जात नसेल तर १४५२, १४१२, १३७२ असं उतरत जा, मग मधले आकडे घेऊन नेमकी सीमा गाठा. समजा १४१२ गेलं आणि १४१३ अडलं, तर वाटेचा एमटीयू १४४०. वायरगार्ड आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट खातं. सरळ ८० वजा करून १३६० ठेवा. नेहमीचा १४२० हा आकडाही १५०० मधून ८० जाऊनच आलेला आहे. मोजायचा कंटाळा असेल, तर 'आयपी लिंक सेट' वापरून डब्ल्यूजी० चा (वायरगार्डच्या टनेलचा) एमटीयू तात्पुरता १२८० करा. गोठणं थांबलं की निदान पक्कं. त्याखाली मात्र जाऊ नका, आयपीव्ही६ ला किमान १२८० लागतात. ओपनव्हीपीएनमध्ये याच उदाहरणात पॅकेटांचं माप आवरणारा एमएसएसफिक्स हा पर्याय १४०० ठेवला तर पुरेल, पण तो फक्त टीसीपीला आवरतो.

आकड्यांचा पत्ता पोचतो आणि नावाचा नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'मध्ये टनेलसमोर ऑफिसचा डीएनएस दिसतो का बघा. टर्मिनलमधून चालवलेलं ओपनव्हीपीएन सर्व्हरने सुचवलेला डीएनएस बऱ्याच ठिकाणी वेगळी स्क्रिप्ट जोडल्याशिवाय लावतच नाही. ऑफिसच्या केबलवर हे लक्षात येत नाही, कारण तिथे आतली नावं ऑफिसचाच राउटर सांगत असतो.

घरचं वाय-फाय आणि ऑफिसचं जाळं दोन्ही १९२.१६८.१.० या एकाच पत्त्यांच्या मालिकेवर असणं हेही नेहमीचं. मग ऑफिसच्या यंत्राला लॅपटॉप घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची मालिका बदलणं हा खरा उपाय. घाईत असाल, तर हव्या त्या एका यंत्रासाठी टनेलमधून /३२ चा, म्हणजे त्या एकाच पत्त्याचा, राउट टाका. आणि थोडा वेळ काही न केल्यावर पलीकडून येणारी जोडणी मरत असेल, तर राउटर यूडीपीची नोंद विसरतोय. वायरगार्डमध्ये परसिस्टंट-कीपअलाइव्ह २५ ठेवा.

एवढ्यावरही सुटलं नाही, तर खुशाल विचारा. फक्त सोबत राउटर एकच की वेगळा ते, 'आयपी राउट'चं आउटपुट आणि न अडणारा सर्वात मोठा पिंग, हे तिन्ही पाठवा. किल्ली मात्र पाठवू नका. खासगी किल्लीसकट अख्खी फाइल चिकटवणारेही कमी नाहीत.