झोपेची तेवढी द्या, दुसरी नको

आमच्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी सोलापूरहून एक मानसोपचारवाले डॉक्टर येतात. त्या दिवशी जिन्यात चपलांचा ढीग असतो, आणि वरून उतरलेला माणूस चिठ्ठीची घडी मुठीत धरून कडेला उभा राहतो, गर्दी जरा हटली की मग हळूच पुढे येऊन "ताई, एवढं बघा की" म्हणतो. चिठ्ठीत दोन-तीन औषधं असतात, त्यातलं एक झोपेचं. पहिल्या महिन्यात सगळी नेतात. दुसऱ्या महिन्यात येऊन म्हणतात, झोपेची तेवढी द्या, दुसरी नको, तिचा काय उपयोग नाही झाला.

हे इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. कारण गंमत अशी आहे की ज्या गोळीने आजार बरा होणार असतो ती लोक सोडतात, आणि जी चार दिवस आधाराला म्हणून दिलेली असते तिला धरून बसतात. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कमेंटमध्ये डोस विचारू नका, सांगणार नाही.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या डिप्रेशनच्या आणि अँग्झायटीच्या असतात. आता डिप्रेशन म्हटलं की लोकांना वाटतं माणूस कोपऱ्यात बसून रडत असेल. आमच्याकडे रडत कोणी येत नाही हो. अंग दुखतंय, डोकं जड झालंय, पित्त खवळलंय, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, हे घेऊन येतात. त्याआधी दोन सलाईन लावून झालेल्या असतात, ताकदीची इंजेक्शनं झालेली असतात, बी-१२ झालेलं असतं, एखाद्याने सोनोग्राफीही केलेली असते. थायरॉईड आणि बी-१२ तपासायलाच पाहिजे, कारण ते कमी असलं तरी अगदी तसाच थकवा आणि उदासी येते. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि दोन आठवडे झाले तरी माणसाला कशातच रस नाही, आवडीची भाजी केली तरी घास फिरतोय, लहानसहान गोष्टीत "माझ्यामुळेच झालं सगळं" म्हणतोय, बसल्या जागी विसरतोय, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि ते फॅमिली डॉक्टरला सुद्धा सांगता येतं.

यावर साधारण एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन असल्या गोळ्या देतात. यांचा स्वभावच हळू. पहिल्या आठवड्यात फायदा दूरच, उलट मळमळ होते, पोट बिघडतं, जीव थोडा जास्तच घाबरा होतो. फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण गुण यायला सहा-आठ. आता बघा, माणूस आधीच खचलेला, त्याला तुम्ही म्हणताय महिनाभर थांब आणि वर मळमळ पण सहन कर. तो आठव्या दिवशी सोडतो. त्याच चिठ्ठीतली क्लोनाझेपामची अर्धी गोळी मात्र रात्री घेतली की तासाभरात डोळा लागतो. मग कोणती गोळी "चांगली" वाटणार? त्याचं चुकतंय असं म्हणवत नाही. पण डॉक्टरने ती अर्धी गोळी पहिल्या काही आठवड्यांसाठी लिहिलेली असते, हळू गोळीचा गुण यायच्या आधी माणूस टिकावा म्हणून, आणि हे त्याला वरच्या गर्दीत कोणी नीट सांगितलेलं नसतं.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली. रोज घेत राहिलं की काही आठवड्यांत शरीराला सवय लागते, अर्धीने भागत नाही, मग एक, मग दीड. म्हाताऱ्या माणसांना तर रात्री बाथरूमला उठल्यावर तोल जातो, पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. आणि एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, काहींना फिट सुद्धा येते, म्हणून ही कमी करायची तर डॉक्टरच्या सल्ल्याने पाव-पाव करत. दारूबरोबर तर अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

एक आजी येतात. कमरेच्या बटव्यातून अल्प्राझोलामची रिकामी पट्टी काढतात, इतकी जुनी की फॉइलवरची अक्षरं घासून गेलेली, आणि म्हणतात हीच दे. चिठ्ठी? "चिठ्ठी कशाला गं, म्हातारीला झोपेची गोळी द्यायला?" त्यांना सांगते की २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, मला रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिली हे सगळं लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. त्यांना ते पटत नाही, पलीकडच्या दुकानात जातात. तिथे मिळते की नाही ते मी इथे लिहिणार नाही.

अजून एक भानगड आहे. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं आणि ते भरपूर लिहिलं जातं. सोयीचं आहे, एकच गोळी गिळायची. पण मग झोपेचा भाग आधी बंद करायचा म्हटलं तर करणार कसा? माणूस वर्षभर दोन्ही घेत राहतो. आणि बरं वाटलं म्हणून एके दिवशी सोडली तर दोन्हीचा त्रास एकदम, चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं. मग म्हणतात बघा, या गोळ्यांची सवय लागते. डॉक्टरला सरळ विचारा, यातली झोपेची किती दिवस आहे, आणि ती वेगळी लिहून द्याल का. कोणी रागावत नाही. दुसरं म्हणजे बरं वाटल्यावरही डिप्रेशनची गोळी सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते, नाहीतर आजार परत उलटतो. कायमची मात्र सगळ्यांना लागत नाही.

पॅनिक अटॅकचं वेगळंच. छातीत धडधड, हातपाय गार, मुंग्या, श्वास पुरत नाही, आता मी मरतो असं वाटतं. दहा मिनिटांत कळस गाठून हळूहळू उतरतं. पहिल्यांदा झालं तर ईसीजी काढायलाच जा, उगाच घरी अंदाज करू नका. पण चौथ्यांदा ईसीजी नॉर्मल आल्यावर तरी मानसोपचारवाल्याकडे जा की. यात सीबीटी नावाची बोलून करायची थेरपी गोळीइतकीच चालते, त्यात ज्या ठिकाणाची भीती बसलीय, बस म्हणा, बाजार म्हणा, तिथे टप्प्याटप्प्याने परत जायला शिकवतात. तालुक्याला असं शिकवणारं माणूस मिळत नाही ही रड आहेच, आता काही जण ऑनलाइन करतात. खिशात अल्प्राझोलाम ठेवून फिरणारे मात्र त्या पट्टीशिवाय घराबाहेर पडेनासे होतात.

ओसीडीला आमच्याकडे "सोवळं जरा जास्त आहे" म्हणतात. हात धुऊन धुऊन कातडी गेलेली असते, गॅस बंद केलाय का हे बघायला बाई अर्ध्या रस्त्यातून परत जाते, आणि तिला स्वतःला कळत असतं की हे निरर्थक आहे, तरी थांबवता येत नाही. औषधं डिप्रेशनचीच पण बहुतेकदा जास्त डोसमध्ये, आणि वेळ आणखी जास्त, आठ ते बारा आठवडे. इथे धीर सुटणं सगळ्यात सोपं.

आता बायपोलर. यावर जरा थांबते कारण सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा आणि लिथियम यांचं वैर आहे.

बायपोलरमध्ये काही दिवस डिप्रेशन आणि काही दिवस बरोबर उलटं. आठवडाभर माणूस रात्री दोन-तीन तास झोपतो आणि सकाळी ताजातवाना, बोलणं थांबत नाही, एका दमात तीन धंदे काढायचे बेत, उधारीवर बुलेट बुक करतो, गावजेवण घालतो, कोणी अडवलं की अंगावर जातो. घरच्यांना सुरुवातीला बरंच वाटतं, पोरगं कामाला लागलं म्हणून. आजाराची सुरुवात पुष्कळदा डिप्रेशनने होते, आणि नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर अशा माणसाला ती उचलून तेजीत टाकू शकते, म्हणून पूर्वी कधी असा तेजीचा काळ येऊन गेला असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा. डॉक्टर विचारेलच असं नाही, आणि तेजीतले दिवस पेशंटला स्वतःला आजार वाटत नाहीत.

यावरचं जुनं आणि अजूनही भारी औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. साधा क्षार आहे, स्वस्त आहे, आत्महत्येचा धोका कमी करतो. पण रक्तात ते साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये राहिलं पाहिजे, खाली गेलं तर उपयोग नाही, वर गेलं तर विषबाधा. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन लेव्हल बघतात, आणि अधूनमधून किडनी आणि थायरॉईड. आता मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत शेतात घाम गाळला, किंवा जुलाब लागले, किंवा कोणी निर्जळी एकादशी धरली, की शरीरातलं पाणी-मीठ कमी होतं आणि किडनी लिथियम धरून ठेवते. लेव्हल चढते. मग उलट्या, हात जोरात थरथरतात, चाल झोकांड्या खाते, जीभ जड होते. लोकांना वाटतं दारू पिऊन आलाय. घरच्यांनाही तेच वाटतं, आणि झोपू दे म्हणून सोडून देतात. झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या.

मागच्या वारीच्या आधी एक बाई कंबरदुखीची गोळी मागायला आल्या, मालकांसाठी, ते पायी निघाले होते. नेहमीची डायक्लोफेनॅक द्या म्हणाल्या, चार पट्ट्या. त्यांच्या मालकांची लिथियमची चिठ्ठी आमच्याकडेच असते म्हणून लक्षात आलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी पण लिथियमची लेव्हल चढते. पॅरासिटामॉल दिली, पाण्याची बाटली सोडू नका म्हटलं, उपासाला मीठ एकदम बंद करू नका म्हटलं आणि निघायच्या आधी वरच्या डॉक्टरांना भेटून जा म्हटलं. बाई म्हणाल्या, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं." खरंय, कोणी सांगत नाही. चिठ्ठीवर तीन ओळी लिहायला काय जातं कोण जाणे.

बायपोलरलाच सोडियम व्हॅलप्रोएट पण देतात, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते नको, गर्भाला इजा करतं. सून गरोदर राहण्याआधीच हा विषय काढा.

स्किझोफ्रेनिया दर शंभरात साधारण एकाला होतो, बहुतेक वेळा ऐन विशी-पंचविशीत. मुलगा कॉलेज सोडतो, अंघोळ सोडतो, मला आवाज येतात, शेजारचे माझ्यावर पाळत ठेवतात म्हणतो. आमच्याकडे आधी बाहेरचं बघतात. अंगारा, उतारा, अमावस्या, सहा-सहा महिने त्यात जातात आणि इलाज जितका उशिरा सुरू तितकं अवघड. देवाला जायचं तर जा बाबा, गोळी खाऊन जा. या गोळ्यांनी आवाज कमी होतात पण सुरुवातीला काहींचं अंग आखडतं, मान वाकडी होते, एका जागी बसवत नाही, आणि घरचे म्हणतात औषध उलटलं. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल असतं किंवा डोस कमी करतात, एका फोनचं काम. यातल्या ओलान्झापिनने वजन आणि शुगर वाढते, तेही तपासत राहायचं. आया भाजीत कुस्करून गोळ्या घालतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण डॉक्टरला ते सांगा तरी. दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनंही असतात, पेशंटशी बोलून ती ठरवता येतात, रोजची लपवालपवी संपते.

शॉकची सगळ्यांना धास्ती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे, आणि ज्याने जेवणखाण सोडलंय, जीव द्यायचा म्हणतोय, त्याला तो सगळ्यात लवकर बाहेर काढतो. त्याच कायद्याने इन्शुरन्सवाल्यांना मानसिक आजारही इतर आजारांसारखाच धरावा लागतो, पॉलिसी काढताना विचारा.

२०१५-१६ मध्ये निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आजारांवरच्या सरकारी संस्थेने, बारा राज्यांत पाहणी केली होती, महाराष्ट्र त्यात नव्हता, तरी आकडा बघा: प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. गुरुवारच्या जिन्यातल्या चपला त्या मानाने फारच कमी आहेत.

पैशाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारांची ओपीडी असते, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्री पण.

आणि घरात कोणी मरणाची भाषा करत असेल तर एक काम आजच करा. त्याच्या गोळ्यांचा डबा त्याच्या उशाला ठेवू नका, दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात ठेवा आणि रोजची रोज हातात द्या. जुन्या, उरलेल्या पट्ट्या दुकानात आणून द्या. डॉक्टरला सांगून चिठ्ठी आठवड्या-आठवड्याची करून घ्या, तुम्हाला चकरा जास्त पडतील, पण मी गुरुवारी दुकान नऊपर्यंत उघडं ठेवते.