गोडी छाटणीच्या गावातून आंबट द्राक्षांकडे : अल्बारिन्योचा तिसरा हंगाम

मी मूळचा तासगावचा, त्यामुळे द्राक्षातलं आपल्याला कळतं असा एक माज होता. स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियातल्या काम्बादोसजवळ राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी तो उतरला. शेजारच्या आजोबांची अल्बारिन्योची, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची, छोटी बाग आहे. त्यांना मदत करायची आणि बदल्यात घरी वाइन करण्यापुरता माल न्यायचा, हा आमचा व्यवहार. यंदा तिसरं वर्ष.

बाग बघितली तर आपल्याकडच्या जुन्या मांडवाची सख्खी बहीण. फक्त खांब ग्रॅनाईटचे, डोक्याच्या वर जाणारे. आपण मांडव केला की पानांची सावली घडांना उन्हापासून वाचवते. इथे अटलांटिकची ओल जमिनीलगत साचते, म्हणून घड उचलून वाऱ्यात टांगायचे. रिआस बायशासमध्ये, म्हणजे काम्बादोस ज्यात येतं त्या वाइन-पट्ट्यात, वर्षाला साधारण 1600 मिलिमीटर पाऊस पडतो; आमच्याकडे 500-600 झाला तरी लोक खूश. माती मात्र ओळखीची वाटली. ग्रॅनाईट झिजून झालेला भुसभुशीत, आम्लधर्मी मुरूम, पाणी पटकन सोडणारा. तो नसता तर एवढ्या पावसात मुळं कुजलीच असती.

जून : डाऊनी आली. आजोबांनी पानाच्या खालची पांढरी बुरशी दाखवली आणि माझ्या तोंडून ‘डाऊनी’ निघालं, त्यांच्या तोंडून ‘मिल्दियू’. त्यावरचं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) दोघांनाही ठाऊक. फवारणीपेक्षा जास्त काम विरळणीचं झालं, घडांभोवतीची पानं काढून वारा खेळता केला. अल्बारिन्योचा मणी बारीक आणि सालीला जाड. ती जाडीच इथल्या दमट हवेत कामाला येते.

ऑगस्ट : पहिल्या रविवारी काम्बादोसचा अल्बारिन्यो उत्सव. 1953 साली वाइनच्या स्पर्धेतून सुरू झालेला. गर्दी फार, मी लवकर निघालो. मला त्यापेक्षा फुरांचो आवडतात : घरची उरलेली वाइन विकायला शेतकरी ठरावीक दिवस घराचा सोपा उघडतात, दारावर लॉरेलची डहाळी लावतात. तिथली वाइन कधी धारदार, कधी चक्क बिघडलेली. पण शिकायला मिळतं ते तिथेच.

सप्टेंबर, तोडणी : 62 किलो. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) 21 ब्रिक्स, म्हणजे साधारण 21 टक्के साखर, आम्लता लिटरला 9.4 ग्रॅम. खायच्या द्राक्षाला आपण 18 ब्रिक्सला माल उतरवतो आणि ‘आंबट आहे’ म्हटलं की व्यापारी भाव पाडतो. इथे आजोबा मणी चावून तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, झालं, अजून थांबलास तर आंबटपणा जाईल. मला हे अजूनही पचायला जड जातं. ऑक्टोबरच्या छाटणीला ‘गोडी’ म्हणणाऱ्या गावातला माणूस आंबटपणा राखत बसलाय!

रस निघाला 34 लिटर. 3 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (नको ते जंतू रोखणारं सल्फाइट) घालून रात्रभर थंड जागी निवळत ठेवला, खालचा साका सोडून 31 लिटर वर काढला. मग 16 अंश तापमानाला आंबू दिला. चौथ्या दिवशी कुजक्या अंड्याचा भपकारा! चूक माझीच, यीस्टला सुरुवातीला खाद्यच दिलं नव्हतं. ब्रिक्स तेव्हा 16 होते, म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती. पोषक घातलं, रस एका भांड्यातून दुसऱ्यात धारेने ओतून हवा दिली. दोन दिवसांत वास गेला. पुढच्या वर्षी हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने.

ऑक्टोबर : अठराव्या दिवशी साखर संपली. जाड गाळ सोडून 27 लिटर हाती आली आणि तीन काचेच्या बरण्यांत विभागली.

पहिल्या दहा लिटरला सल्फाइट देऊन थंड ठेवलं, म्हणजे मॅलिक आम्ल (हिरव्या सफरचंदातलं, धारदार) जसंच्या तसं राहील. दुसऱ्या दहा लिटरला सल्फाइट नाही. 20 अंशांच्या खोलीत बॅक्टेरिया घालून मॅलिकचं लॅक्टिक (दह्यातलं, मवाळ आम्ल) होऊ दिलं. तिसऱ्या पाच लिटरलाही पहिलीसारखंच सल्फाइट, पण ही बारीक गाळावर आहे आणि दर रविवारी काठीने ढवळतो. मेलेल्या यीस्टचा हा गाळ वाइनला जाडी देतो, तोंडात ती भरल्यासारखी वाटते. उरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या बरण्या काठोकाठ भरायला.

लोक अल्बारिन्योत ‘समुद्राचं मीठ’ लागतं म्हणतात. माझ्या मते हा बराचसा आंबटपणाचाच खेळ; सोबत ऑयस्टर असले की मीठ आपोआप आठवतं. मिन्यो नदीपलीकडे पोर्तुगालमध्ये हीच जात अल्व्हारिन्यो म्हणून होते. मोन्साववरून आणलेली बाटली याच महिन्यात उघडली, ती मला अधिक भरीव लागली. तो भाग समुद्रापासून आत आहे, उन्हाळा जरा तापतो, त्याचाच हा फरक असावा.

डिसेंबर : पहिली बरणी सुरीसारखी, हिरवं सफरचंद आणि लिंबाची साल. दुसरीची आम्लता 7.2 वर आली, पण सुगंधही थोडा बसला. तिसरी सध्या सगळ्यांत गढूळ आणि मला सगळ्यांत आवडलेली. आजोबांनी तिन्ही चाखल्या, पहिलीवर बोट ठेवलं आणि बाकीच्या दोन ‘तुझ्या गावाला पाठव’ म्हणाले. तिसरी मी एप्रिलपर्यंत हलवणार नाही.