तुम्ही विचारलंत म्हणून: देश सुटलेल्या बायकांचा नाच

नृत्यावर बोलायला गेले आणि देशाबाहेर राहणाऱ्या कोरियन कलाकार बायकांचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो: “एकदा देश सुटल्यावर त्यांच्या नाचात अस्सल कोरियन असं काय उरतं?” तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. मला वाटतं, यात देश सुटणं आणि नाच घडणं यांचा क्रमच उलटा धरला जातो.

पंख्यांचं नृत्य तुम्ही पाहिलं असेल. हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घातलेल्या बायका रंगीत पंखे हलवत गोल धरतात आणि बघता बघता त्याचं फूल होतं. परदेशातल्या कोरियन मेळाव्यांत ते हटकून असतं आणि बघणारे त्याला शतकानुशतकांचं समजतात. ते बसवलं किम बेक-बोंग यांनी, १९५४ साली, सोलमध्ये, आणि तेही आधी एकटीनं करायचा नाच म्हणून. किम नाच शिकल्या टोकियोत, चोई सुंग-ही यांच्याकडे. चोई पुढे नात्यानं त्यांच्या थोरल्या जाऊबाईही झाल्या.

या चोईंबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते. जन्म १९११चा, म्हणजे कोरिया जपानच्या ताब्यात गेल्यानंतरचा. घरंदाज मुलींनी नाचू नये, ते कीसेंगचं, म्हणजे मैफलीत नाचगाणं करणाऱ्या कलावंतिणींचं काम, असं मानणारा तो समाज. १९२६ साली इशिई बाकू या जपानी आधुनिक नर्तकाचा कार्यक्रम सोलमध्ये झाला. तो पाहून पंधरा वर्षांच्या चोई त्यांच्याकडे शिकायला टोकियोला गेल्या. आणि कोरियन नाचाकडे त्या खऱ्या अर्थानं वळल्या त्या तिथे! हान सोंग-जुन या जुन्या ढोलवादक-नर्तकाकडून त्यांनी पारंपरिक चाली घेतल्या, त्यांना रंगमंचाची शिस्त दिली आणि १९३४ साली टोकियोत स्वतःचा कार्यक्रम केला. पुढे अमेरिका आणि युरोपचा दौरा झाला. तिथे त्या कोरियन नर्तकी म्हणून उभ्या राहायच्या, पण नाव लावायच्या साई शोकी, म्हणजे स्वतःच्याच नावाचा जपानी उच्चार. परक्या सत्तेचं नाव आणि आपल्या मातीचे हातवारे एकाच अंगावर वागवायचे, हे किती जड गेलं असेल, या विचारानं मला आजही गलबलून येतं.

१९४६ साली चोई उत्तर कोरियात गेल्या आणि १९६७च्या सुमारास तिथल्याच सत्तेनं त्यांना बाजूला फेकलं. दक्षिणेत, उत्तरेकडे गेलेल्या कलावंतांवरची बंदी १९८८ साली उठेपर्यंत त्यांचं नाव घेणंही अवघड होतं. किम मात्र कोरियन युद्धाच्या काळात उत्तरेतून दक्षिणेत आल्या. त्यांचं पंख्यांचं नृत्य १९६८ साली ऑलिंपिकच्या निमित्तानं मेक्सिकोत दक्षिण कोरियाची ओळख म्हणून सादर झालं. आता यातलं अस्सल कुठलं आणि बाटलेलं कुठलं, सांगा.

हवाईचंही असंच. १९०३पासून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोरियन कुटुंबांच्या नातवंडांना नाच शिकवला तो हाला पाई हुम या नर्तकीनं. त्याही जपानमध्ये शिकून होनोलुलूला आलेल्या. १९९४ साली त्या वारल्यावर तो स्टुडिओ मेरी जो फ्रेशली या त्यांच्या अमेरिकन शिष्येनं सांभाळला. शिष्या कोरियन नाही म्हणून ती परंपरा तुटली, असं मी तरी म्हणणार नाही.

नाटकात हा प्रश्न थेट अंगावर घेतला यंग जीन ली यांनी. जन्म देगूचा, दोन वर्षांच्या असताना अमेरिकेत आल्या. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये केलेल्या त्यांच्या नाटकाच्या सुरुवातीला पडद्यावर त्यांचाच चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक थपडा बसत राहतात. मग पारंपरिक पोशाखातल्या बायका येतात. प्रेक्षक कोरियन ओळखीची गोष्ट ऐकायला सरसावून बसतो, आणि शेवटाकडे रंगमंच एका गोऱ्या जोडप्याच्या ताब्यात जातो. ती दोघं आपल्या संसाराची रडगाणी गात बसतात. कोरियनपणा ताटात वाढून मागणाऱ्या प्रेक्षकाला ली यांनी असं उपाशी ठेवलं, म्हणून मला हे नाटक फार मोलाचं वाटतं. आपला प्रश्न ज्यांना विचारायचा, त्यांनी तो आधीच विचारणाऱ्याकडे वळवून ठेवला आहे.