बर्ड यांच्या नावाची दुर्बीण

२८ जून २०१०. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक रेडिओ वेधशाळेच्या कंट्रोल रूममध्ये आमचं पल्सारचं, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या मृत ताऱ्याचं, निरीक्षण रात्रभर चाललं होतं. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर रात्रपाळ्या केल्या असल्यामुळे जागरण सवयीचं, पण तिथे ४५ मीटरच्या ३० डिश. इथे एकच, १०० मीटरची, सुमारे ७,७०० टनांची आणि तरी हवी तिकडे वळणारी. रेडिओ गोंगाट नको म्हणून या भागात मोबाइल चालत नाही. त्यामुळे बातमी आली ती सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरच्या तोंडून: "सिनेटर बर्ड गेले."

आम्ही चालवत होतो ती दुर्बीण वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्याच नावाची.

निरीक्षण संपल्यावर कॉफी घेत ऑपरेटर सांगत बसला. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री इथली जुनी ३०० फुटी दुर्बीण एक जोडपट्टी तुटून काही क्षणांत कोसळली. पुढच्याच वर्षी बर्ड सिनेटच्या विनियोजन समितीचे, म्हणजे सरकारी पैसा कुठे जाईल ते ठरवणाऱ्या समितीचे, अध्यक्ष झाले आणि अमेरिकन संसदेने नव्या दुर्बिणीला साडेसात कोटी डॉलर मंजूर केले. मतदारसंघात साखर कारखाना खेचून आणणारा आमदार आपल्याला ओळखीचा आहे; यांनी दुर्बीण आणली. विज्ञानाचा पैसा असा वाटला जाऊ नये, हे माझं मत आजही कायम आहे. त्या रात्रीचा माझा डेटा मात्र त्याच पैशातून आला होता.

कोळशाच्या खाणींच्या मुलखात वाढलेला हा माणूस आधी पेट्रोल पंपावर होता, मग मांस कापायचा, मग वेल्डर झाला. १९५३ पासून प्रतिनिधिगृहात, १९५९ पासून मरेपर्यंत सिनेटमध्ये. कायद्याची पदवी घेतली ती सिनेटर असतानाच, रात्री शिकून.

"क्लॅनचंही सांगायला हवं," ऑपरेटर आपणहून म्हणाला. तरुणपणी बर्ड कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेत होते. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध ते सलग १४ तासांवर बोलले. पुढे त्यांनी अनेकदा माफी मागितली, इराक युद्धाला कडाडून विरोध केला, २००८ मध्ये ओबामांना पाठिंबा दिला. "माझ्या वडिलांनी त्यांना कायम मत दिलं," तो म्हणाला, "आईने कधीच नाही."

२०१२ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या विज्ञानाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या समितीने या दुर्बिणीचा खर्च उचलणं थांबवायची शिफारस केली. बर्ड असते तर असं लिहायची कुणाची छाती झाली असती का, असं त्या ऑपरेटरने मला ईमेलमध्ये विचारलं. मी लिहिलं, नसती झाली.